सातवी पायरी निर्दोष आहे

१४ मे

काल दहावीचा निकाल लागला. ८१ टक्के. भूगोलाचा पेपर मी दिला होता हे मला मार्कलिस्टवरून कळलं. त्याच्या आधीचे पेपर आठवतात, तो नाही. नंतरचं तर काहीच नाही, एकदम हॉस्पिटलचा पंखा आणि डोक्याला बँडेज. मधले अकरा दिवस इतर सगळ्यांकडे आहेत, फक्त माझ्याकडे नाहीत.

ही वही थेरपीवाल्या मॅडमनी लावली. सकाळचं संध्याकाळी विसरते म्हणून रोज चार ओळी लिहायच्या आणि डोकं किती दुखलं त्याला दहापैकी मार्क द्यायचे. आज डो.दु. ५. वहीच्या कव्हरवर फुलपाखरू आहे. मी सोळा वर्षांची आहे, सहा नाही. आईला म्हटलं दुसरी आण, तर म्हणे चिडू नकोस, डॉक्टरांनी चिडायचं नाही सांगितलंय. त्यामुळे आणखी चिडले.

१७ मे

आज बाहेर नेलं. बाहेर म्हणजे बिल्डिंगचा जिना. मॅडम आठवड्यातून दोनदा घरी येतात. दुसऱ्या मजल्यावरून खाली आणि परत वर, कठडा धरून. तोल डावीकडे जातो अजून. पहिल्या मजल्यापर्यंत ठीक चाललं होतं. मग शेवटचा जिना आला आणि पाय थिजले.

खालून सातवी पायरी. तिथून पडले मी, रंगपंचमीच्या सकाळी, दूध आणायला जाताना. मला आठवत नाही, पण मॅडम म्हणाल्या शरीराला आठवत असतं. शेवटी बसून उतरले, लहान पोरं उतरतात तशी, एकेक पायरी. निनाददादा तेवढ्यात वर येत होता. आप्पाकाकांचा मुलगा, आमच्याच डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर राहतो. मला बघितलं आणि उलट्या पावली खाली गेला. हात द्यायचं सोडा, वीस वर्षांचा घोडा, "कशी आहेस" पण नाही.

डो.दु. ६. "जपून" हा शब्द आज अकरा वेळा ऐकला. आजपासून मोजणार.

२० मे

मनमाडच्या आत्याचा फोन. बाबांची आणि आप्पाकाकांची ही एकुलती एक बहीण, फोनवर बोलते तरी गल्लीत ऐकू जातं. माझी चौकशी अशी: "आमची जिन्यावरून पडलेली पोर काय म्हणते?" मला नाव आहे. केतकी. अकरा अक्षरांचं नाहीये.

तिचं म्हणणं, पायरीची शांत केली का? नाही? अरे देवा, घरात गुरुजी असून? त्या पायरीवर काहीतरी असणार, उद्या दुसरं कुणी पडेल. फोन स्पीकरवर होता. आप्पाकाका चहा पीत बसले होते, ते बशीत बघत राहिले. जपून: ९.

२२ मे

केली शांत. खरंच केली.

आप्पाकाका सोवळं नेसून सातव्या पायरीसमोर पाटावर बसले. रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करताना त्यांचा आवाज पार पुलापर्यंत जातो, आज तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. हळद-कुंकू, फूल, दहीभात. नारळ पायरीवर फोडला तर पहिल्यांदा फुटेना. बिल्डिंगमधले लोक वळसा घालून जात होते, आठव्या पायरीवरून सहावीवर उडी. मला पाया पडायला लावलं. पायरीच्या.

खोबरं वाटलं. निनाददादाने घेतलं नाही, म्हणे पोट बिघडलंय.

डो.दु. ४. आता तरी भीती जाईल असं सगळे म्हणतायत.

३ जून

नाही गेली भीती.

डावीकडचे केस बोटभर आलेत, उजवीकडे वेणी. आरशात दोन मुली दिसतात, दोघीही रागावलेल्या. टाक्यांची रेघ कानाच्या वरून मागे जाते. आई रोज उजवीकडचे केस आणून त्यावर झाकते. बाहेरची माणसं बघायला येतात तेव्हा तर पिनाच लावते. बघायला कसली येतात, केळी घेऊन येतात आणि माझ्यासमोरच आईला विचारतात की हिला सगळं कळतं ना? मी म्हटलं, कळतं, ही केळी कालची आहेत.

एक गोष्ट लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. आज बाबा कुणालातरी सांगत होते की मी जिन्याच्या वळणावरून पडले. आई म्हणते सातव्या पायरीवरून. वळण तेराव्या पायरीवर आहे. बाबांना विचारलं तर म्हणाले तू नीट ऐकलं नसशील. हेच हल्ली सगळ्यांचं उत्तर. भाजीत मीठ जास्त झालं तरी माझ्या डोक्याला लागलंय.

१२ जून

मॅडमनी अभ्यास दिला: ओळखीच्या एका जागेचं न बघता वर्णन लिहा. मी आमच्या चौकातली रहाड घेतली.

चौकाच्या मधोमध जमिनीखाली दगडी हौद. आठ हात लांब, तेवढाच रुंद, खोली दीड पुरुष. वर्षभर त्याच्यावर लाकडी फळ्या आणि वर माती, त्यावरून रिक्षा जातात, पाणीपुरीवाला उभा राहतो, नवख्या माणसाला कळणारही नाही. रंगपंचमीच्या आधी उघडतात, धुतात, रंग भरतात. आमच्या रहाडीचा केशरी, फुलं उकळून केलेला, चार-चार दिवस जात नाही. पूजेचा मान आमच्या घराण्याचा. पहिला धप्पा आप्पाकाकांचा, धप्पा म्हणजे उडी, पाणी पार गॅलरीपर्यंत उडालं पाहिजे. मग दिवसभर पुरुष. दुपारी तीन ते साडेतीन बायका, ही वेळ चार वर्षांपूर्वी आईने आणि गल्लीतल्या बायकांनी भांडून घेतली. आप्पाकाका पूजा झाल्यावर दर वर्षी सांगतात: आजवर या रहाडीत कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

वाचून मॅडम म्हणाल्या, स्मरणशक्ती फर्स्ट क्लास आहे. मी आईला विचारलं, यंदा मी गेले होते का रहाडीत? आई पोळी लाटत होती. म्हणाली नाही गं, तू सकाळीच पडलीस ना. तव्यावरची पोळी करपली.

९ जुलै

आज "गाळणी" आठवेना. गाळणी हातात होती. चहा गाळत होते आणि बाबांनी विचारलं काय शोधतेस, म्हटलं ते... ते. रडले. बाबा म्हणाले त्यांनाही अंबडच्या कंपनीत पोरांची नावं आठवत नाहीत. ते वेगळं आणि हे वेगळं.

पण सकाळी न धरता एका पायावर बावीस सेकंद. मे महिन्यात तीन होते. डो.दु. २. जपून फक्त ४, कारण आई शाळेत शिकवायला गेली होती.

१८ ऑगस्ट

अकरावी सुरू. पहिल्याच दिवशी मॅथ्सच्या सरांनी वर्गासमोर सांगितलं, हिला कुणी प्रश्न विचारू नका, हिच्या डोक्याचं ऑपरेशन झालंय. पन्नास माना वळल्या. बेल झाल्यावर जाऊन सांगितलं, सर, गणित मेंदूच्या उजव्या बाजूला असेल तर माझी ती बाजू शाबूत आहे. असं काही असतं की नाही माहीत नाही. सरांनाही माहीत नव्हतं.

श्रद्धा आहे वर्गात, एवढं बरं. शाळेपासूनची. सायखेड्याहून बसने येते. पाच महिन्यांत एकदाच भेटायला आली होती आणि दहा मिनिटांत गेली, त्याचा मला राग आहे. आज डबा खाताना माझ्याकडे बघेना. कॉलेजला चार जिने आहेत. चारही उतरताना तिचा दंड धरते मी. ती दर वेळी काहीतरी बोलायला तोंड उघडते आणि मिटते.

२५ ऑगस्ट

उद्या डॉक्टरकडे जायचं म्हणून फाइल काढली. आई शाळेत. आत्तापर्यंत फाइल आईच धरते, मला पिशवी.

पहिल्या पानावर: जिन्यावरून पडल्याचे नातेवाईक सांगतात. ठीक. आत नर्सचा कागद, ऍडमिट केलं त्या वेळचा. वेळ दुपारी चार वाजून पाच मिनिटं. कपडे ओले. डाव्या कानात व नखांत केशरी रंग.

सकाळी पडले ना मी? दूध आणायला?

चार वेळा वाचलं. मला वाटलं मीच चुकीचं वाचतेय, म्हणून मोठ्याने वाचलं. चप्पल पण बघितली, पलंगाखालची जुनी. पट्ट्याच्या शिवणीत केशरी आहे अजून.

डो.दु. ८. पण हे दुखणं वेगळं आहे.

२६ ऑगस्ट

श्रद्धाला कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाठलं. कागदाचा फोटो दाखवला. ती मटकन स्टँडवरच्या स्कूटीवर बसली.

"मला वाटलं तुला समदं ठावं हाय. काकूंनी देवापुढं शप्पथ घातली मला. म्हनल्या डॉक्टर सांगत्यात, धक्का द्यायचा नाय."

मग सांगितलं. तीही आली होती त्या दिवशी, आमच्याकडेच जेवली. बायकांची वेळ चालू होती. पुरुष दोरीपलीकडे उभे, आटपा आटपा करत. साडेतीनला दहा मिनिटं होती. निनाददादा शेजारच्या दुकानाच्या ओट्यावर चढला आणि त्याने धप्पा मारला. त्याची टाच माझ्या डाव्या कानाच्या वर. मी पाण्यात गेले ती वर आलेच नाही. आई आणि श्रद्धाने केसाला धरून काढलं.

"रक्त दिसंना बघ, केशरी पाण्यात काय दिसतंय. लोकांना वाटलं चक्कर आली."

म्हणजे जिना नाही. पाच महिने मी त्या पायरीला घाबरले. बसून उतरले. तिच्या पाया पडले. आप्पाकाकांनी, ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी सगळं बघितलं होतं, त्यांनी तिच्यावर दहीभात ठेवला. साप साप म्हणून भुई धोपटणं ऐकलं होतं, पण यांना साप कुठे आहे ते माहीत होतं आणि तरी भुई माझ्याकडून धोपटून घेतली.

घरी आले तेव्हा शेवटच्या जिन्यावरून न धरता वर गेले. सातव्या पायरीवर थांबले. सॉरी म्हटलं तिला.

डॉक्टरसमोर आज काही बोलले नाही. आई शेजारी बसली होती आणि माझ्या केसांच्या पिना नीट करत होती.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. घर माणसांनी भरलेलं, म्हणून थांबले. आज दुपारी आई एकटी होती, ऋषीची भाजी निवडत. कागद समोर ठेवला.

आई रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. भाजी निवडतच राहिली. म्हणाली, हॉस्पिटलच्या दारात आप्पाकाकांनीच सांगितलं होतं की जिना म्हणायचं. नाहीतर पोलीस, चौकशी, रहाड बंद, घराण्याचा मान गेला, पोराची इंजिनिअरिंग गेली. आणि तू हो म्हणालीस? तर म्हणाली, हो म्हणाले.

"त्यांच्यासाठी नाही म्हटलं मी. पहिल्यांदा आमचीच वेळ बंद केली असती त्यांनी. बायका उतरल्या म्हणून असं झालं म्हणाले असते. तीस वर्षं या घरात गॅलरीतून बघत होते मी, केतू. अर्धा तास मिळाला होता."

मी विचारलं, आणि मी? तुला काढलं ना मी बाहेर, म्हणाली. तुला काढल्यावर मग बाकीचं.

राग इतका आला की शब्द सापडेनात, आणि या वेळी ते डोक्याला लागल्यामुळे नव्हतं. मला पाडलं पुरुषाने, बंद होणार बायकांचं, आणि पाच महिने तुरुंगात जिना. डॉक्टरला खोटं सांगितलं, डॉक्टरला. डोक्याच्या डॉक्टरला. काही झालं असतं तर?

आई म्हणाली, मी रोज तेच मनात म्हणत होते. मग भाजी धुवायला उठली.

१४ सप्टेंबर

आईशी कामापुरतं बोलते. बाबांशी तेवढंही नाही. ते म्हणाले मी कंपनीत होतो, मी आलो तोवर सगळं ठरलं होतं. जणू लग्नच ठरलं होतं कुणाचं.

थेरपीच्या मॅडमना मात्र सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझी जिन्याची भीती माझ्या सगळ्या पेशंटमध्ये सगळ्यात चिवट होती, मला कळत नव्हतं का. म्हटलं, कारण ती माझी नव्हतीच, मला दिली होती. आज दोन मजले धावत चढले. मॅडमनी घड्याळ लावलं होतं. डो.दु. १. डॉक्टरांनाही खरं काय ते मॅडमच फोन करून सांगणार आहेत, मी हो म्हटलं.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. आत्या मनमाडहून आलेली, तिच्या दोन्ही भावांना ओवाळायला. निनाददादाला बहीण नाही, लहानपणापासून मीच. पाटावर येऊन बसला, मान खाली.

ताट हातात घेतलं. सगळे बाहेरच्या खोलीत, आत आम्ही दोघंच. म्हटलं, दहा मिनिटं थांबता आलं नसतं का?

दिव्याकडे बघत राहिला. "सगळे म्हणाले मार, मार. मी वर चढलेलो. उतरलो असतो तर..." आणि थांबला. उतरला असता तर काय? हसले असते. एवढंच ना. त्यांनी हसू नये म्हणून माझं डोकं.

ओवाळलं नाही. ताट खाली ठेवलं. मग तो म्हणाला, मी रोज ऐकतो तुझे पाय जिन्यात. पहिले बसून यायचीस ते पण ऐकायचो. त्याला रडू फुटलं आणि मला त्याचीही चीड आली, कारण आता मी काय करायचं? शेवटी कुंकू लावलं, वाकडं. बारकी पोरं असतो तर बुकललं असतं.

ओवाळणीत त्याने काय द्यावं? हेल्मेट. सायकलचं. निळं. मला आधी फेकावंसं वाटलं, मग हसू आलं. आत्या आत येऊन म्हणाली, वा, जिना उतरताना घाल हो.

१९ जानेवारी

फिट येऊ नये म्हणून मार्चपासून चालू असलेल्या गोळ्या अर्ध्या केल्या. डॉक्टर म्हणाले, छान भरून आलंय. पोहायचं, उडी मारायची ते अजून सहा महिने नाही. सायकल चालेल, हेल्मेट घालून. माझ्याकडे बघून म्हणाले, आणि पुढच्या वेळी जिना सांगू नका. आईने मान खाली घातली. बाहेर आल्यावर तिने माझी पिशवी घेतली आणि फाइल माझ्या हातात दिली.

सायकलवर गंगेपर्यंत, म्हणजे आमच्या गोदावरीपर्यंत, जाऊन आले. दहा महिन्यांनी कुणी दंड धरलेला नव्हता. परत येताना रहाडीच्या फळ्यांवरून गेले. चाकाखाली पोकळ आवाज येतो. इतकी वर्षं लक्षच दिलं नव्हतं.

केस आता दोन्हीकडे सारखे कापलेत, कानापर्यंत. पिना फेकल्या. एकीने विचारलं ही फॅशन आहे का, हो म्हटलं.

२२ फेब्रुवारी

सकाळी रंगपंचमीची मीटिंग, चौकातच, खुर्च्या टाकून. मी मागे उभी होते, आई माझ्या पुढे बायकांत. परवानगी, गर्दी, साउंड, झालं. मग आप्पाकाका उठले आणि म्हणाले ते, दर वर्षीचं. आजवर या रहाडीत कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मी ठरवून गेले नव्हते. पाय आपोआप पुढे गेले. पुढे जाऊन म्हटलं, मला लागलं. कुठे, तर... आणि शब्द गेला. तोच शब्द. आयुष्यभर बोलत आले तो. सत्तर-ऐंशी माणसं बघतायत आणि माझं तोंड उघडं. कुणीतरी मागून म्हणालं, बसवा तिला, डोक्याला मार आहे पोरीच्या, जिन्यावरून पडली होती.

तेव्हा मी फळीवर पाय आपटला. धाड असा पोकळ आवाज झाला.

"इथे," म्हटलं. "हिच्या आत. साडेतीनला दहा कमी असताना. आमच्या वेळेत."

केस वर करून रेघ दाखवली. हातच्या कांकणाला आरसा कशाला. आप्पाकाका म्हणाले, केतकी, घरी जा, तब्येत सांभाळ. निनाददादा कडेला उभा होता, त्याने मान वर केली आणि परत खाली घातली. त्या दिवशी पाण्यात असलेल्या पंधरा बायका समोर होत्या, एकीने तोंड उघडलं नाही. आईनेही नाही. ती फक्त वळून माझ्याकडे बघत होती.

आपलेच दात, आपलेच ओठ. कळतं मला. पण फुटलेलं डोकंही आपलंच होतं ना?

२५ फेब्रुवारी

फलक लागला. गर्दी व सुरक्षिततेच्या कारणास्तव यंदा महिलांसाठी वेगळी वेळ नाही.

आई म्हणाली होती तस्संच. तिने वाचलं आणि भाजीची पिशवी उचलून वर निघाली, हेच जास्त लागलं. खालच्या मजल्यावरच्या काकू मला म्हणाल्या, समाधान झालं का? माझं? धप्पा मारला कुणी, वेळ रद्द केली कुणी, आणि समाधान विचारतायत मला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

डो.दु. ६. बऱ्याच दिवसांनी. संध्याकाळी वाटलं गप्प बसायला हवं होतं. हे पण लिहून ठेवते, कारण खरं आहे. अर्धा तास आईचा होता आणि तो माझ्यामुळे गेला. मग परत राग आला, तो बरा वाटला.

७ मार्च

रहाड उघडली. फळ्या काढल्या, दगड धुतले. खाली वाकून बघितलं. आतल्या दगडांवर जुना केशरी बसलेला आहे, कितीही घासला तरी निघत नाही म्हणे. मला काही आठवेल असं वाटलं होतं. काही आठवलं नाही. गार वास आला फक्त. भीती वाटली नाही, हे नोंद.

आत्या आली मनमाडहून. जिन्यात सातव्या पायरीला नमस्कार करून वर आली.

८ मार्च

रंगपंचमी. शिवाय महिला दिन. सकाळपासून कॉलेजच्या ग्रुपवर नारीशक्तीचे गुलाब पडतायत. सगळ्यात मोठा गुलाब आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींनी टाकलाय.

सकाळी पूजा झाली. आप्पाकाकांनी पहिला धप्पा मारला. ते वाक्य मात्र म्हणाले नाहीत. सगळे वाट बघत होते, ते नुसतेच ओले होऊन घरी गेले.

आता दोन चाळीस. ही वही घेऊन जिन्यात बसलेय, सातव्या पायरीवर. बाहेर ढोल, आरडाओरडा. जेवताना काय झालं ते लिहिते.

आत्या वाढून घेत होती. नेहमीसारखं सुरू, की पोरीचा चेहरा भरलाय आता, एवढ्याशा जिन्यावरून पडून केवढं झालं बाई. आप्पाकाका, बाबा, निनाददादा, सगळे पानावर. आईच्या हातात आमटीचं पातेलं. तिने ते खाली ठेवलं.

"जिन्यावरून नाही, वन्सं. रहाडीत. बायकांच्या वेळेत निनादने उडी मारली, त्याची टाच लागली. मी खोटं सांगितलं होतं. डॉक्टरांना, तुम्हाला आणि हिला."

आत्याचा घास हातात राहिला. ती एकदाही ओरडली नाही, आयुष्यात पहिल्यांदा. आप्पाकाका पानावरून उठले. आईने मला वाढलं, आमटी, भात, वर तूप. मी आईचा पदर धरला, सगळ्यांसमोर, आणि सोडला नाही, तिला डाव्या हाताने वाढावं लागलं.

मग आई म्हणाली, तीन वाजता मी खाली जाणार आहे. फलक काहीही म्हणो.

आता ती वर साडी बदलतेय, जुनी सुती नेसणार. मी उडी मारणार नाही, डॉक्टर नाही म्हणालेत आणि डॉक्टरांशी आता खोटं नाही. काठावर बसून पाय सोडणार. श्रद्धा सायखेड्याहून निघालीय, द्वारका चौकात बस अडकलीय म्हणे.

जिन्यातून बायका उतरतायत. खालच्या काकू उतरल्या. माझ्याकडे बघितलं नाही, पण पदर खोचलेला होता. त्यांच्या मागे आणखी तिघी. एकूण किती होतील सांगता येत नाही. बाहेर पुरुष दोनशे तरी असतील आणि ते काही गुलाब घेऊन उभे नाहीत.

निनाददादा आत्ताच गेला माझ्या शेजारून. खांद्यावर मोठी दोरी. गेल्या वर्षीचीच. ती कुणाला अडवायला नेतोय, विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. सहाव्या पायरीवर थांबून मागे बघितलं फक्त.

आई आली. तीनला पाच कमी. उठते.